ओढा आडवा आला की... मुसळधार पावसानंतर कोंढाणे लेण्यांचा एक दिवसाचा ट्रेक, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की ऑफिसात नाहीतर सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, की एखादा सोपा धबधब्याचा ट्रेक सांग ना, एका दिवसात होईल असा. सोपा म्हणजे काय तर चढ कमी, पाणी भरपूर आणि संध्याकाळी घरी. माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच, कर्जतजवळची कोंढाणे लेणी. लोकलने जाता येतं, चढ फार नाही, लेण्यांच्या तोंडावरच धबधबा कोसळतो, आणि मुख्य म्हणजे कुठूनही मागे फिरता येतं. पण वाटेत ओढे आहेत. दोन दिवस धो धो पडून गेल्यावर तुम्ही जाणार असाल (आणि तुम्ही तेव्हाच जाणार, कारण धबधबा तेव्हाच भारी दिसतो) तर चढ, दम, पाय दुखणं हे सगळं किरकोळ, खरा विषय ओढ्यांचा. म्हणून हा लेख लेण्यांपेक्षा ओढ्यांवरच जास्त आहे, आधीच सांगून ठेवते.

आदल्या दिवशी घरी बसून

हवामान खात्याचा अंदाज बघा, आणि तो कर्जतचा म्हणजे रायगड जिल्ह्याचा बघा, मुंबईचा नको. डोंबिवलीत ऊन पडलेलं असताना लेण्यांच्या वरच्या राजमाचीच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस चालू असतो, हे आम्ही कितीदा तरी बघितलंय. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर प्लॅन रद्द, चर्चा नाही. यलो असेल तर जिल्ह्यात कुठे, किती हे जरा खोलात बघा. आणि उद्याच्या अंदाजाइतकाच कालचा आकडा महत्त्वाचा आहे, तो कुणी बघतच नाही. तो आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो, हेही लक्षात ठेवा, नाहीतर 'काल' म्हणजे नक्की कधी यात घोळ होतो.

कालचा आकडा का, तर हिशोब करून बघा. एका चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर झाले. जूनच्या पहिल्या पावसात माती तापलेली, भेगाळलेली असते, ती यातलं बरंच पिऊन टाकते. जुलैच्या मध्यापर्यंत मात्र तिचं पोट भरलेलं असतं, खाली सगळा काळा कातळ, त्यात पाणी जिरणार कुठे? मग तेवढाच पाऊस पडला तरी तो सरळ ओढ्यात येतो. म्हणजे जूनमध्ये तुम्ही ज्या ओढ्यातून हसत हसत गेलात तोच ओढा जुलैच्या शेवटी तेवढ्याच पावसात ओळखू येणार नाही. सह्याद्रीच्या या बाजूला उतार उभे आणि ओढे आखूड, त्यामुळे वर पडलेलं पाणी खाली यायला दिवस लागत नाहीत, अर्धा-एक तास पुरतो. याची एक चांगली बाजूही आहे, ती पुढे सांगते.

दुसरं, बंदी. रायगड आणि पुणे जिल्ह्यांत पावसाळ्यात धबधबे, धरणं, तलाव इथे जायला मनाईचे आदेश निघतात, पूर्वी ते कलम १४४ खाली असायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेतलं कलम १६३. दरवर्षी यादी बदलते, ठिकाणं आत-बाहेर होतात, म्हणून त्या आठवड्यातली बातमी बघा किंवा सरळ पोलीस स्टेशनला फोन करून विचारा, सांगतात. यादीत नाव असेल तर जाऊ नका. "आम्ही मागच्या वाटेने गेलो" वाले हिरो प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांच्या नादी लागायचं नाही.

तिसरं, घरी कुणाला तरी वाट लिहून द्या. कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. लेण्यांच्या दरीत रेंजचा भरवसा नाही.

बॅगेत काय

बूट. यावर अख्खा वेगळा लेख होईल पण थोडक्यात, ज्याला तळाला खोल खाचा आहेत आणि जो भिजला तरी पायातून सुटत नाही असा कुठलाही. आमच्या पिढीने सगळा सह्याद्री अॅक्शनच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांवर केला, आता डेकॅथलॉनचे घेतात लोक, दोन्ही चालतात. वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालवू नका, घोट्याच्या वर पाणी आलं की ते वरून भरतात आणि मग आतलं पाणी बाहेर पडत नाही, बादली घालून चालल्यासारखं होतं. गमबूट तर अजिबातच नको. चपला, क्रॉक्स, गुळगुळीत झालेले जॉगिंगचे बूट हे घरी.

जीन्स घालू नका, भिजली की मांड्यांना घासून दुसऱ्या दिवशी चालणं अवघड. ट्रॅकपँट किंवा पटकन वाळणारी कुठलीही.

बॅगेच्या आत एक मोठी कचऱ्याची काळी पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान त्यात, बाहेरून कव्हर लावण्यापेक्षा हे शंभर पट बरं. फोन झिपलॉकमध्ये, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून. टॉर्च हवाच, दिवसाचा ट्रेक असला तरी, कारण ओढ्यापाशी अडकलात तर अंधार तिथेच होतो. शिट्टी, गळ्यात. पाण्याच्या आवाजात हाक दहा फुटांवर ऐकू जात नाही. बँडेज, डेटॉल, क्रेप बँडेज, ओआरएस. एक काठी, खांद्याइतकी उंच, गावात कुणीही कापून देतं. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिक्की, खजूर, आणि ठरवलंय त्यापेक्षा एका जेवणाचं जास्त. हे जादाचं जेवण कशासाठी ते कळेलच.

दोर? नवीन लोक हमखास विचारतात. नका आणू. दोर वापरता येणारा माणूस बरोबर असेल तर त्याला तो आणायला सांगावा लागत नाही, आणि तसा कुणी नसेल तर तो दोर कुणीतरी कंबरेला बांधणार आणि वाहत्या पाण्यात कंबरेला बांधलेला दोर माणसाला वर नाही काढत, प्रवाहाच्या दाबाने पाण्याखाली धरून ठेवतो.

कर्जत ते कोंडिवडे

पहाटेची लोकल पकडा. सीएसएमटीहून कर्जतला दोन तासांच्या वर लागतात, ठाणे-कल्याणवाल्यांना कमी. उशिरा निघाल्यावर गर्दी असते वगैरे ठीक आहे, पण खरं कारण वेगळं. जुलैतला पाऊस वेळ बघून येत नाही, सप्टेंबरअखेरीला आणि ऑक्टोबरात दुपारी गडगडाट करून येतो तसं याचं नसतं, हा कधीही येतो आणि कितीही वेळ राहतो. म्हणजे लवकर जाऊन पाऊस चुकत नाही. लवकर जायचं ते हातात उजेडाचे तास शिल्लक राहावेत म्हणून. ओढ्यापाशी तीन तास बसायला लागलं तर बसता यावं एवढा वेळ खिशात पाहिजे.

बदलापूर-वांगणीच्या मधे खिडकीतून नदी दिसेल, ती उल्हास. हिचं पाणी राजमाचीच्या दरीतूनच येतं, म्हणजे तुम्ही तिच्याच उगमाकडे चाललाय. जुलै २०१९ मध्ये याच टप्प्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवासी होड्यांतून काढले. त्यामुळे मी एक सवय लावून घेतलीय, वांगणीच्या आसपास खिडकीतून नदीचा रंग बघायचा. चहासारखी लाल आणि काठोकाठ असेल, वर झाडाच्या फांद्या वाहत असतील, तर कर्जतला उतरून वडा खायचा आणि पुढची लोकल पकडून परत यायचं. दोनदा केलंय असं. ग्रुपमधले चिडतात, वडा खाल्ल्यावर शांत होतात.

स्टेशनवरून श्रीराम पुलाकडे या, तिथून लेण्यांच्या पायथ्याच्या कोंडिवडे गावाला रिक्षा, टमटम मिळतात, दहा-बारा किलोमीटर. परतीचं ठरवून ठेवा आणि रिक्षावाल्याचा नंबर घ्या, दुपारनंतर गावातून वाहन मिळायची मारामार.

गावात पोचलात की लगेच चालायला सुटू नका. पहिल्या घरापाशी थांबा, चहा मिळाला तर घ्या, आणि विचारा. काय विचारायचं तेही शिकून घ्या, कारण "मामा, जाता येईल का?" असं विचारलंत तर पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून "जावा की" असंच उत्तर येणार. विचारायचं असं, की रात्री किती पडला, गुरं पलीकडे गेली का आज, ओढ्याला पाणी कुठवर आहे, काल कुठवर होतं. गुरं पलीकडे सोडली नसतील तर तुम्हीही जायचं नाही, इतकं सोपं आहे. आणि शक्यतो गावातला एखादा दादा बरोबर घ्या, पैसे आधी ठरवून आणि नीट द्या. परतल्यावर जेवायचं असेल तर पिठलं-भाकरी आताच सांगून जा.

लावणीचे दिवस असतील तर बांधावरूनच चाला, खाचरात पाय घालू नका. आणि लावणी करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका, त्या काही तुमच्या रीलसाठी चिखलात उभ्या नाहीत.

लेण्यांपर्यंतची वाट

गावापासून रमतगमत दीड-दोन तास. आधी गाडीरस्ता, मग शेतं, मग झाडीतली पायवाट, शेवटी थोडा चढ. जंगलात फाटे फुटतात, पावसात गवत वाढलं की मळलेली वाट आणि गुरांची वाट यांत फरक कळत नाही, तिथे नकाशा किंवा दादा कामाला येतो. कातळावर चालताना काळपट हिरवा चकचकीत भाग टाळा, शेवाळ असतं. खरखरीत करड्या दगडावर पाय द्या. झाडाच्या ओल्या मुळांवर तर कधीच नाही. दगडाच्या कपारीत, गवताच्या बुंध्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, फुरसं पावसात कोरड्या जागा शोधत बसलेलं असतं, आणि फांद्यांवर हिरवा चापडा, हाही विषारी साप, तो तर पानात पान होऊन जातो.

उभ्या, उघड्या मातीच्या उताराखाली जेवायला बसू नका. दोन दिवसांच्या पावसानंतर ती माती नुसती वजनाने लटकत असते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, तीही याच रायगड जिल्ह्यातली. उतारावर नवी भेग, वाकडी झालेली झाडं, जिथे कधी पाणी नव्हतं तिथून अचानक गढूळ पाझर, यातलं काही दिसलं की तिथून बाजूला व्हायचं.

ओढा

आता मुख्य. आमच्याकडे ओढा, कोकणात कुणी पऱ्या म्हणतं कुणी व्हाळ, नाव काहीही असो, पद्धत एकच.

सगळ्यात आधी, थांबा. पाच मिनिटं नुसतं बघा. पुढच्या ग्रुपची दहा पोरं आत्ताच गेली म्हणून लगेच घुसू नका. पाण्याच्या कडेला एक दगड हेरा, ज्याच्या अर्ध्यापर्यंत पाणी आहे असा, आणि त्याच्यावर नजर ठेवा. पाच मिनिटांत पाणी दगडावर चढलं तर वर कुठेतरी पडतोय, मग ओलांडण्याचा विषयच संपला. पाणी उतरलं तर उत्तम, थांबल्याचा फायदाच. मग पाण्याचा रंग. तळ दिसतोय का? लालसर गढूळ असेल तर तळ कसा आहे, खड्डा कुठे आहे काहीच कळणार नाही. पानं, काटक्या, फेस यायला लागलं तर तो लोंढ्याचा निरोप समजा. आणि कान उघडे ठेवा, तळाचे दगड गडगडत असल्याचा एक घुमा आवाज येतो, छातीत जाणवतो, तो आवाज येत असताना त्या पाण्यात कुणीही उतरत नाही.

मग खोली आणि वेग. पाण्यात एक पान टाका आणि काठाने त्याच्या बरोबरीने चालून बघा. पान तुमच्या पुढे पळालं तर वेग जास्त आहे. खोली, घोट्यापर्यंत असेल तर बहुतेक ठीक, पोटरीपर्यंत असेल तर वेग बघून, गुडघा आणि वर असेल तर नवीन माणसाने जायचंच नाही. जोराच्या पाण्याला वीतभर खोली पुरते धडधाकट माणसाला पाडायला. लोकांना हे पटत नाही म्हणून परत एकदा हिशोब, ओढा तीन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आणि सेकंदाला दोन मीटर पळतोय, म्हणजे दर सेकंदाला तीन टन पाणी तिथून जातंय. आणि वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. हे शाळेत शिकलो होतो सगळेच, ओढ्यात आठवत नाही एवढंच.

जागा निवडणं. नवीन माणूस नेहमी सगळ्यात अरुंद जागा शोधतो, उडी मारून जाऊ म्हणतो. चूक. अरुंद तिथे पाणी खोल आणि जोराचं. रुंद, पसरट, उथळ, आवाज करत पण कमी खोल वाहणारं पाणी शोधा, जुनी माणसं त्याला उतार म्हणतात, आणि बहुतेक वेळा गावची वाट त्या उतारावरूनच जाते, कारण शंभर वर्षं गुरं-माणसं तिथूनच गेलीत. मग खालच्या बाजूला बघा, वीस-तीस पावलांवर काय आहे? तिथे धबधब्याची कड, डोह, अडकलेली झाडं असतील तर वरची जागा कितीही चांगली दिसू दे, तिथून नाही. प्रश्न असा विचारायचा, इथे पडले तर कुठे जाईन? याचं उत्तर चांगलं नसेल तर दुसरी जागा.

हे सगळं जमलं तर आता ओलांडायचं.

बूट काढायचे नाहीत. भिजतील, भिजू देत, अनवाणी पाय दगडात अडकतो, कापतो, घसरतो. रेनकोट नाहीतर पोंचो लोंबत असेल तर काढून बॅगेत, पाण्यात त्याचं शीड होतं. बॅगेचा छातीवरचा आणि कंबरेचा पट्टा सोडा, पडलात तर बॅग सोडून देता आली पाहिजे. फोन हातात नाही. व्हिडिओ पलीकडच्याने काढावा.

तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतंय तिकडे. काठी पुढे पाण्यात रोवा आणि तिच्यावर वजन टाका, तुमचे दोन पाय आणि काठी अशी तिपाई. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा एक पाय, बाकी दोन घट्ट. पाऊल उचलायचं नाही, तळाशी घासत सरकवायचं, खेकड्यासारखं आडवं, आणि थोडं खालच्या अंगाला तिरकं जायचं, पाण्याशी भांडत वर नाही. दगडावरून दगडावर उड्या नको, दगडाच्या मधल्या वाळूत पाय टाका. नजर पलीकडच्या काठावर, पायाजवळच्या पळत्या पाण्याकडे बघत राहिलात तर गरगरतं.

ग्रुप असेल तर आपल्याकडे लगेच हातात हात घालून आडवी साखळी करतात, या काठापासून त्या काठापर्यंत. घोटाभर पाण्यात मजा येते, पण जास्त पाण्यात एक घसरला की दोघांना घेऊन जातो. त्यापेक्षा तिघा-तिघांनी एकामागे एक उभं राहायचं, प्रवाहाच्या रेषेत, सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला काठी घेऊन, बाकीच्यांनी पुढच्याचे खांदे किंवा बॅगेचे पट्टे घट्ट धरायचे, आणि तिघांनी मिळून आडवं सरकायचं. पहिल्याने पाणी फोडलं की मागच्यांना जोर कमी लागतो. लहान मुलं असतील तर, खरं सांगू, लहान मुलांना घेऊन घोट्याच्या वरचा ओढा ओलांडायचाच नाही. खांद्यावर घेऊन तर मुळीच नाही.

आणि पडलात तर? उभं राहायची धडपड करू नका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय दोन दगडांत अडकतो आणि पाणी माणसाला पुढे झोपवतं, ते फार वाईट. बॅग सोडा, पाठीवर या, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने आणि वर, गुडघे थोडे वाकवलेले, येणारे दगड पायांनी ढकलायचे आणि हातांनी कडेकडे सरकायचं. ढुंगण तळाला घासायला लागलं की मग उठा. बाकीच्यांनी मागे उडी मारायची नाही. काठाने पळा, काठी पुढे करा, ओढणी, बॅग काहीही.

अडकलात तर बसा

मघाशी चांगली बाजू म्हटलं ती ही. आखूड ओढा पटकन चढतो तसाच पटकन उतरतो. वरचा पाऊस थांबला की एक-दोन तासांत बराच फरक पडतो. म्हणून नवीन माणसाने शिकायची पहिली गोष्ट म्हणजे बसणं.

आमचंच सांगते. बरीच वर्षं झाली, आम्ही सहा जण असेच एका ओढ्यापलीकडे गेलो, सकाळी घोटाभर पाणी, गाणी म्हणत गेलो. दुपारी परत आलो तर मांडीभर, चॉकलेटी रंगाचं, आणि आमच्या डोक्यावर एक थेंब नाही, ऊन! त्यामुळे कुणाला खरंच वाटेना. आमच्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची मीटिंग होती, तो म्हणे मी जातो, दोन पावलंच तर आहेत. पलीकडच्या काठावर एक ठाकर आजी इरलं घेऊन उभी होती. तिने हातानेच बसा बसा केलं आणि स्वतःही एका दगडावर बसली, जणू आम्ही बसतोय का ते बघायला. मीटिंगवाला तिच्या नजरेला लाजून बसला. पावणेतीन तास. उरलेल्या पुऱ्या संपल्या, चिक्की संपली, सगळ्यांची सगळी भांडणं काढून झाली. मग पाणी पोटरीवर आलं, आजीनेच जागा दाखवली, आमच्या वाटेपासून पंचवीस-तीस पावलं वर, आणि आम्ही निघालो. तिची गुरंही त्याच वेळी आमच्या मागून आली. ती आमच्यासाठी नाही, गुरांसाठी थांबली होती हे तेव्हा कळलं, जरा इगो दुखावला. जादाचं जेवण कशासाठी ते हे.

बसायचं तर ओढ्याच्या पात्रात नाही, पात्रातल्या मोठ्या दगडावर तर नाहीच नाही. मधला दगड म्हणजे बेट वाटतं, पण पाणी वाढलं की दोन्ही बाजूंनी वाट बंद होते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, प्रवाहाच्या मधे उभे होते आणि बघता बघता पाणी वाढलं. काठावर, वर, झाडीत बसा. कोरडे कपडे घाला, थंडीने हात-पाय बधिर झाले तर पुढे काठीही धरता येत नाही. घरी कळवता येत असेल तर कळवा. अंधार पडायला लागला आणि पाणी उतरत नसेल तर ११२ लावा, आणि रात्र लेण्यात काढावी लागली तर काढा, दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, अशाच ठिकाणी राहायचे.

धबधबा आणि लेणी

झाडी संपते आणि एकदम ते दिसतं. चैत्यगृहाची भली मोठी कमान, वर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात, आणि तिच्यासमोर वरच्या कातळावरून पडणारा पाण्याचा पडदा. लेणी इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमाराची धरतात. चैत्याच्या दर्शनी भागात एका मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरं आहेत, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं अशा अर्थाची. एवढ्या मोठ्या कामावर माणसाने एका ओळीत सही केली आणि गप्प बसला. तुम्ही तिथे कोळशाने नाव लिहायचं नाही हे सांगायला लागू नये, पण भिंती बघाल तर कळेल की सांगायला लागतं.

धबधब्याच्या मुख्य धारेखाली उभं राहू नका. मोठ्या पावसानंतर वरून पाण्याबरोबर दगड येतात, मुठीएवढा दगड शंभर फुटांवरून डोक्यात पडला तर हेल्मेटलाही भारी. कडेला तुषार उडतात तिथे मजा तेवढीच आणि धोका कितीतरी कमी. लेण्यात शिरायला धार ओलांडावी लागते, तिथे कडेकडेने भरभर जा, रेंगाळू नका. धबधब्याच्या माथ्यावर चढायला जाऊ नका. आणि दुसऱ्या ट्रेकला जाल तिथे धबधब्याखाली कुंड असेल, देवकुंडसारखं, तर त्यात पोहायचं नाही, कोसळणारं पाणी माणसाला आत खेचून फिरवत ठेवतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

इथून वर राजमाची दोन-अडीच तासांवर आहे आणि कुणीतरी नक्की म्हणणार की आलोच आहोत तर जाऊन येऊ. पहिल्या वेळी नको. साडेअकरा-बाराला परत फिरा, पाऊस वाढला तर त्याआधीच, जेवण राहिलं तरी चालेल.

परत

उतरताना पाय जास्त घसरतात, कारण दमलेले असतात आणि लक्ष पिठलं-भाकरीत असतं. ओढ्यापाशी सकाळचीच सगळी कवायत पुन्हा, पाच मिनिटं थांबण्यापासून. सकाळी जमलं हे दुपारी कामाला येत नाही. सकाळी एक फोटो काढून ठेवा ओढ्याचा, तोच दगड फ्रेममध्ये घेऊन, दुपारी ताडून बघायला बरं पडतं, वादावादी होत नाही.

प्लॅस्टिक परत आणा, दुसऱ्याचंही थोडं.

पायाला जखम, खरचटणं असेल आणि गुरांच्या वाटेवरच्या चिखल-पाण्यातून गेला असाल तर गावातच स्वच्छ पाण्याने धुऊन डेटॉल लावा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर साधा व्हायरल समजून बसू नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा की पावसात ट्रेकला गेलो होतो. लेप्टोचा, म्हणजे जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार त्यांच्या डोक्यात यायला तेवढं पुरतं.

कर्जत स्टेशनवर कोरडा शर्ट आणि कोरडे मोजे चढवा, वडे घ्या, खिडकी मिळाली तर नदीच्या बाजूची घ्या. घरी गेल्यावर बुटाचे इनसोल काढून वेगळे वाळवा आणि बुटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबून ठेवा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली, उन्हात नको, उन्हात सोल सुटतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत वाळतात. वास मात्र आठवडाभर राहतो, त्यावर उपाय मला सापडलेला नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा.